हाकेला दिलेलं उत्तर

मोबाईल खाली ठेवा सगळ्यांनी, उजेड डोळ्यांत जातो. लाईट येईल तेव्हा येईल. मी दोनदा फोन केला, तिकडचा माणूस "काम चालू आहे" एवढंच म्हणतो आणि ठेवून देतो. त्यालाही असंच अंधारात बसवायला पाहिजे, म्हणजे कळेल काम चालू असणं म्हणजे काय ते.

तर मघाशी जेवताना तुम्ही विचारत होतात की बोटीचा विषय निघाला की आतोबा पानावरून का उठतात. हसू नकोस तू, हसण्यासारखं त्यात काही नाही. सांगतो. पण आत्यासमोर हा विषय काढायचा नाही, आणि बिट्टीसमोर तर अजिबात नाही. ती तेव्हा सात वर्षांची होती. आपल्याला त्यातलं काही आठवत नाही असं ती म्हणते. म्हणू दे.

आता तुमचे आतोबा म्हणजे माझा मेहुणा, त्यामुळे मी त्याला अरे-तुरेच करणार. या माणसाने चांगली चालती नोकरी सोडली, राहता फ्लॅट विकला आणि शिडाची बोट घेतली. मी डोकं आपटून सांगितलं की बाबा रे, सुट्टी काढ, महिनाभर बोट भाड्याने घे, हौस फिटली की परत ये. पण याचं ठरलेलं. एक वर्ष तिघांनी पाण्यावर राहायचं, जुनी जुनी बंदरं बघायची, मग पोरीची शाळा. तुमची आत्याही हो म्हणाली. का म्हणाली ते मला आजवर कळलेलं नाही.

मी ती बोट आतून पाहिलीय. ही आपण बसलोय ना, या खोलीपेक्षाही जागा कमी. बसायचा बाक तोच रात्री पलंग. शेगडीच्या कडेला सळया, नाहीतर लाटेबरोबर आमटी अंगावर. बिट्टीची झोपायची जागा पुढच्या टोकाला, अगदी निमुळती, डोक्यावर छतातली झडप. ती झडप उघडली की पोरगी थेट डेकवर.

आणि बोटीवर राहणाऱ्यांना एक सवय लागते. घरात आपण पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखतो. ते झुकण्यावरून ओळखतात. बोटीवर कोणी पाय ठेवला की बोट त्या बाजूला जराशी कलते. बाहेरच्याला कळतसुद्धा नाही. पण त्यांना झोपेतही कळायचं, आत्या उठली, की हा उठला, की बिट्टी. प्रत्येकाचा कल वेगळा.

तर त्या गावात ते दोन दिवसांसाठी आले होते. जुनं बंदराचं गाव. दगडी तटबंदी, गंजलेल्या तोफा, अरुंद गल्ल्या, प्रत्येक घरावर कोण कधी राहिलं त्याची पाटी. पर्यटकांची गर्दी, त्यांच्या पुढे छत्री उंच धरून ओरडणारे गाईड. दोन दिवसांत बघून निघायचं होतं. पण खाडीच्या तोंडाशी आले आणि इंजिनाचा पंप गेला. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढतो तो. मग शिडावरच कसेबसे आत आले आणि जिथे वारा संपला तिथे नांगर टाकला. समोर जुन्या दगडी पायऱ्या, तटाच्या भिंतीतून थेट पाण्यात उतरणाऱ्या. आत्या म्हणते, पहिल्या दिवशी ते दृश्य इतकं सुंदर दिसत होतं की तिने फोटो काढून मला पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा पंप आणायला गेला. बोटीला एक छोटी होडी बांधलेली असायची, दोन वल्ह्यांची, किनाऱ्यावर जा-ये करायला. ती घेऊन गेला. बंदरात इंजिनाच्या सामानाचं एकच दुकान. दुकानदार म्हणाला, मागवावा लागेल, उद्या येईल. हा उद्या गेला. दुकानदार म्हणाला, निघालाय, पोचेल. परवा गेला. मग पंप आला, तो निघाला भलत्याच इंजिनाचा. दुकानदार म्हणतो कसा, "बसवून तर बघा." याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने तिथेच दुकानात आवाज चढवला, आणि गावात एकच दुकान असताना दुकानदाराशी भांडण म्हणजे किती शहाणपणाचं ते तुम्हीच ठरवा.

बंदराच्या ऑफिसातून माणूस आला. इथे नांगर टाकू नका, बोट पलीकडे घ्या. का, ते सांगेना. हा म्हणाला, "इंजिन बंद आहे, काय पोहत ढकलू?" मग एक मासेमारीची बोट जवळ आली, आम्ही ओढून नेतो म्हणाली. चांगली माणसं. पण त्यातला एक जण बोलून गेला की तुमचा नांगरही नीट बसलेला नाही. झालं. आमच्या साहेबांना ते लागलं. नको तुमची मदत. ते गेले ते गेलेच, पुन्हा फिरकले नाहीत.

म्हणजे बघा. दुकानदार रुसलेला, ऑफिसवाला रुसलेला, मासेवाले रुसलेले. बोटीत प्यायचं पाणी मोजून वापरायचं. आत्या कपडे खाऱ्या पाण्यात धुतेय आणि ते अंगाला टोचताहेत. बिट्टी "कधी निघायचं" विचारून विचारून दमलेली. आणि नवरा-बायकोत धुसफूस, पण पोरीसमोर नको म्हणून दबक्या आवाजात. दबक्या आवाजातलं भांडण जास्त वाईट. ते संपत नाही.

आता पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलंय, आणि दोघांचं जुळतं. एरवी या दोघांचं कालच्या भाजीबद्दलसुद्धा जुळत नाही.

चुकीचा पंप आला त्या रात्री पहिल्यांदा हाक आली.

हा जागाच होता, रागाने झोप लागत नव्हती. पायऱ्यांकडून आवाज आला. पुरुषाचा. म्हातारा नाही, तरुण नाही. अगदी अदबीने.

"अहो होडीवाले... घ्यायला येता का?"

थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. हा वर गेला, बॅटरी मारली. पायऱ्या, भिंतीतली लोखंडी कडी, शेवाळ. माणूस कोणी नाही. दारू पिऊन कोणीतरी गंमत करतंय म्हणाला आणि खाली आला.

दुसऱ्या रात्री पुन्हा. तीच वेळ, तेच शब्द, तीच अदब. याने डेकवर उभं राहून ओरडून सांगितलं की ही भाड्याची होडी नाही, आम्ही इथे राहतो, झोपू द्या.  हा खाली वळला, आणि पलीकडून जराही न चिडता, जसं काही याने शिवी नाही, आशीर्वाद दिलाय, पुन्हा, "घ्यायला येता का?"

याचं डोकं फिरलं ते तिथे. तो मला म्हणाला, "दादा, समोरचा माणूस भांडला असता तर मी समजू शकलो असतो. हा भांडतच नव्हता." दिवसभर दुकानदाराच्या नादी लागायचं आणि रात्री याच्या. सकाळी तणतणत बंदराच्या ऑफिसात गेला. तिथला कारकून चहा पीत होता. त्याने निवांत ऐकून घेतलं आणि याला घेऊन पायऱ्यांपाशी आला. वरच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला, लोखंडी फाटक. सूर्य मावळला की कुलूप लागतं, पर्यटक शेवाळावरून घसरतात म्हणून. किल्ली ऑफिसात. रात्री त्या पायऱ्यांवर कोणी जाऊच शकत नाही. कारकून एवढंच म्हणाला की पूल होण्याआधी पलीकडे जायच्या होड्या इथून सुटायच्या. संध्याकाळची शेवटची चुकली की माणूस रात्रभर इथेच अडकायचा.

याला ते पटलं नाही. कारकूनच त्या गंमत करणाऱ्यांना सामील आहे, असं याचं ठरलं. वैतागलेल्या माणसाला सगळं गाव आपल्याविरुद्ध कट करतंय असंच वाटतं.

तिसऱ्या रात्री हाक आली तेव्हा आत्या म्हणाली, "अरे, एकदा जाऊन बघ ना. खरंच कोणी अडकलं असलं तर? दोन मिनिटांचं तर काम आहे." हा उसळला. मी काय लोकांची ने-आण करायला बसलोय का, मला मदत करायला या गावात कोणी आलं का, वगैरे वगैरे. आत्या गप्प बसली. आणि याने काय केलं, तर वर जाऊन छोट्या होडीचा दोर आणखी घट्ट बांधला. एकावर एक, ओल्या दोराच्या गाठी. उद्या हा लबाड पोहत येऊन होडीच पळवेल, म्हणाला.

या सगळ्यात बिट्टीला कोणी काही विचारलं नाही. ती पुढे झडपेखाली पडून रोज सगळं ऐकत होती. हाक ऐकत होती, बापाचं ओरडणं ऐकत होती, आईचं गप्प बसणं ऐकत होती. लहान मूल आहे, झोपलंय, असं आपण मोठी माणसं धरून चालतो. झोपलेलं नसतं.

पाणी आण रे कोणीतरी. तांब्या तिथेच आहे, खिडकीपाशी... हां.

तो नोव्हेंबरचा दुसरा बुधवार. वारा पूर्ण पडलेला. पाणी सपाट, बोट जागची हलत नव्हती. याने ठरवलं होतं, आज उठायचं नाही. काही झालं तरी. कान बंद करून पडायचं. बोलून बोलून थकेल आणि जाईल.

पावणेदोन वाजता हाक आली.

याने उशी डोक्यावर घेतली.

दुसरी हाक आली.

हा तसाच पडून. दात आवळून. आत्या शेजारी झोपलेली. तिसरी हाक यायची वाट बघत राहिला. ती आली की झालं, मग सकाळपर्यंत शांतता.

तिसरी आलीच नाही.

हा वाट बघतोय. उशी बाजूला केली. काही नाही. पाण्याचासुद्धा आवाज नाही...

आणि बोट कलली.

अगदी जराशी. डावीकडे. मागच्या बाजूला. जिथे छोटी होडी बांधलेली होती तिथे.

आत्या शेजारीच होती. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. हा स्वतः पडलेला. आणि कल हलका. खूप हलका. तो त्याला ओळखीचा होता.

हा धडपडत वर आला. बिट्टी डेकच्या कडेला उकिडवी बसलेली. रात्रीचा फ्रॉक. हातात होडीचा ओला दोर. बोटं गाठीत घातलेली. एक पाय कठड्याबाहेर.

तिचं याच्याकडे लक्ष नव्हतं. ती पायऱ्यांकडे बघून बोलत होती. शेजारच्या काकांशी बोलावं तशी.

"बाबा चिडलेत. आई झोपलीये. मला गाठ सुटत नाहीये. मी मोठी झाले ना, की येईन तुम्हाला घ्यायला."

मग...



आणि पलीकडून, त्याच अदबीने,

"बरं. थांबतो."

...

याने पोरीला उचललं. खाली आईच्या अंगावर जवळजवळ टाकलीच. आत्या दचकून उठली, काय झालं, काय झालं, तोवर हा वळलेला. वर आला. गाठ सोडायला गेला. स्वतःच मारलेली गाठ. सुटेना. सुरी आणली, दोर कापला, होडीत उतरला.

एवढे दिवस दोन मिनिटांचं अंतर जो माणूस गेला नाही, तो त्या रात्री वेड्यासारखी वल्ही मारत गेला. बॅटरी होडीत पेटलेलीच पडलेली. पायऱ्यांशी आला. भिंतीतली कडी धरली. होडीची मागची बाजू पायरीला लावली. माणसाला चढवून घेताना लावतात तशी.

"मी आलोय," म्हणाला. "बसा."

काही नाही.

"कुठे सोडायचं ते सांगा. पलीकडे, कुठेही. सोडतो."

काही नाही. फाटकाचं कुलूप वर दिसत होतं. लागलेलं.

होडीत कोणी बसलं की होडी दबते. हा तेवढीच वाट बघत होता. कडी धरून. हात बधिर झाला तरी. होडी दबली नाही. तशीच हलकी, पाण्यावर डुलत.

मग हा बोलायला लागला. ती लहान आहे, म्हणाला. लहान पोरांचं बोलणं धरायचं नसतं. तिला काय कळतं. मी तिचा बाप आहे, तिच्या वतीने मी आलोय, आताच्या आता नेतो, काय हवं ते सांगा. मग चिडला. चार रात्री बोलावत होतात ना, आता आलोय तर बसा की. मग हात जोडले. मग पुन्हा चिडला. पुन्हा हात जोडले...

सकाळी झाडूवाल्याने फाटक उघडलं, तेव्हा हा होडीत उभा राहून रिकाम्या पायऱ्यांना शिव्या देत होता. झाडूवाला बिचारा झाडू तिथेच टाकून पळाला.

शुक्रवारी मी तिथे पोचलो. आत्याने फोन करून पंपाचा नंबर सांगितला होता, मी शहरातून पंप घेऊन गेलो. सांगताना मी आत्ता तिथेच आहे असं वाटतंय. तिने फोनवर दुसरं काही सांगितलं नव्हतं, फक्त लवकर ये म्हणाली. मला वाटलं, भांडलेत. याला बघितलं तर दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, हाताला फोड. मी खूप झापलं. तासाभरात पंप बसला, इंजिन एका झटक्यात सुरू झालं. मी म्हटलं, सुटलो एकदाचे, उचला नांगर.

हा म्हणाला, नाही. निघायचं नाही.

मला वाटलं, माझी चेष्टा करतोय. इतके दिवस ज्या गावाच्या नावाने बोटं मोडली, तिथून हलायला तयार नाही. आत्या सामान बांधून बसलेली, पोरगी पायात चप्पल घालून बसलेली, इंजिन सुरू, आणि हा नांगराची साखळी पायाखाली दाबून उभा. कारण विचारलं तर म्हणतो, "त्याच्याशी बोलून घेतल्याशिवाय मी पोरीला इथून नेणार नाही." कोणाशी? तर रिकाम्या पायऱ्यांकडे बोट. तेव्हा मग आत्याने मला केबिनमध्ये नेऊन सगळं सांगितलं. मी विश्वास ठेवला नाही. तुम्हीही ठेवू नका, माझी काही हरकत नाही.

मी त्या रात्री बोटीवरच राहिलो. मधल्या बाकावर. पाय पुरत नव्हते. रात्री बोट कलली, मोठा कल, मला नवख्यालासुद्धा कळला. हा होडीत उतरून गेला. मी डेकवर आलो. अंधारात पायऱ्यांपाशी त्याची बॅटरी दिसत होती. आणि आवाज आला.

"अहो... आहात का? घ्यायला आलोय."

तो माझा मेहुणा हाका मारत होता.

थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. लांब एका मासेमारीच्या बोटीवर कोणीतरी उजेड केला, बघितलं आणि हसलं. पुन्हा अंधार झाला. मला असा राग आला की काय सांगू. शिकलेला माणूस, बायको-पोरगी बोटीवर टाकून मध्यरात्री दगडांना हाका मारतोय. मी डेकवरून ओरडलो, "ये परत, मूर्खासारखं करू नकोस." त्याने ऐकलं नाही. त्याची हाक चालूच. आणि मला काय वाटलं माहितीय... त्याच्या आवाजात आता राग नव्हता. अगदी अदबीने हाक मारत होता.

आत्या माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी तिला म्हटलं, तू तरी समजाव त्याला, बघ कोणी उत्तर देतंय का. त्या बुधवारनंतर एकदा तरी हाक आलीय का?

ती म्हणाली, "दादा, त्याला उत्तर मिळालंय. आता तो कशाला हाक मारेल?"

मी खाली जाऊन पडलो. झोप लागली नाही.

असं किती रात्री चाललं ते मला नक्की माहीत नाही, मला कामावर परत यायचं होतं. शेवटी आत्याने बॅग भरली आणि सांगितलं की मी पोरीला घेऊन बसने निघाले, तुला यायचं तर ये, नाहीतर बस इथेच बोलत. तेव्हा तो हलला. इंजिनावर खाडीबाहेर पडताना पाठ पायऱ्यांकडे करून उभा होता, ती म्हणते. रडत होता. तुमच्या आतोबांना मी लग्नात रडताना पाहिलं नाही, त्याचे वडील गेले तेव्हा पाहिलं नाही. आणि ज्याच्यावर इतका चिडला त्याच्यासाठी एकदा, फक्त एकदा, दोन मिनिटं वल्हं मारलं असतं तर हे काही झालंच नसतं, हे त्याला कळत होतं. त्याला ते आजही कळतं. म्हणून पानावरून उठतो. त्याला हसत जाऊ नका.

बोट विकली. मग समुद्रापासून एक रात्र आणि अर्धा दिवस रेल्वेने लांब असलेलं गाव त्याने मुद्दाम शोधलं. नदीसुद्धा नको म्हणाला. आधी भाड्याच्या घरात राहिले, आणि तीन वर्षांपूर्वी हा आताचा फ्लॅट घेतला. चौथा मजला. अगदी नवी इमारत, यांच्याआधी त्या घरात कोणी राहिलेलंच नाही. बिट्टी कॉलेजात जायला लागली, चांगली हुशार निघाली, मैत्रिणी आहेत, पोहायला तेवढं शिकली नाही. घरात कोणी पाण्याचं नाव काढत नाही. येत्या रविवारी ती अठरा वर्षांची होतेय, तुम्ही सगळे जाणारच आहात. जा. आत्याला बरं वाटेल.

मी मागच्या महिन्यात जाऊन आलो. दुपारची वेळ, भर ऊन. लिफ्ट बंद. नव्या इमारतीतसुद्धा लिफ्ट बंदच असते, ते एक वेगळं डोकं फिरवणारं प्रकरण आहे. मी शिव्या देत चार जिने चढलो. धाप लागली. त्यांच्या दारासमोर येतो तो शेवटचा जिना संपतो, तिथे म्हटलं, बेल वाजवण्याआधी जरा वरच्या पायरीवर टेकावं.

टेकायला गेलो आणि हात लावला.

सगळ्या जिन्याच्या फरश्या नव्या. कडा अशा धारदार की हाताला लागाव्यात. खालून वरपर्यंत. आणि ती एकच पायरी, त्यांच्या दारासमोरची... खोलगट. झिजलेली. मधोमध नाही, जिथे आपण पाय टाकतो तिथे नाही. भिंतीकडच्या कडेला. जिथे एखादा माणूस भिंतीला टेकून बसेल तिथे. गुळगुळीत, बोट फिरवलं तर कुठे अडकत नाही. वर्षानुवर्षं तिथे कोणी बसल्याशिवाय दगड तसा होत नाही.

मी वाकून बघत होतो तेवढ्यात दार उघडलं. मेहुणा उभा. त्याने माझा हात बघितला. कुठे आहे ते बघितलं. आतून बिट्टी विचारत होती, कोण आलंय बाबा... त्याने तिला उत्तर दिलं नाही. दार मागे ओढून घेतलं, जवळजवळ लावूनच.

"दोनदा बदलून घेतली, दादा," म्हणाला. हळूच. "परत तशीच होते."